पेपर तयार आहे, पण न्यायचा कुठे? जवळचा सेमिनार, देशातली परिषद की थेट परदेश

मागच्या आठवड्यात एका मॅडमचा फोन आला, नंदुरबार जिल्ह्यात एका कॉलेजला इंग्लिश शिकवतात. म्हणाल्या, सर, दोन वर्षांचे मुलांचे प्रोजेक्ट माझ्याकडे पडून आहेत, मुलं माहिती कुठून उचलतात आणि उचलून कशी लिहितात यावर पेपर करायचाय, पण सादर कुठे करू ते कळत नाहीये. जवळच्याच एका कॉलेजचं ब्रोशर आलंय, एक दिवसाचं राष्ट्रीय चर्चासत्र, शिवाय लायब्ररीवाल्यांची एक मोठी परिषद आहे आणि मेलवर तर रोज कोणीतरी बँकॉकला बोलावतंय. मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या कॉलेजात लायब्ररीयन, वीसेक वर्षं झाली, या तिन्ही प्रकारांत पैसे घालून बसलोय किंवा निदान लांबून तरी बघितलंय. फोनवर तासभर बोलूनही मुद्दे संपले नाहीत म्हणून लिहूनच काढतो, आपल्याकडे अजून कोणाकोणाला हाच प्रश्न पडलेला असणार.

तुलनेआधी हातात माल काय आहे ते बघू, कारण जागा त्यावर ठरते. मी एकदा एस.वाय.च्या पर्यावरण विषयाचे चाळीसेक प्रोजेक्ट घेऊन बसलो होतो, कपाटात जागा करायची म्हणून रद्दीत काढायचे होते, सहज चाळायला लागलो आणि संध्याकाळ झाली. निम्म्याहून जास्त प्रोजेक्टमध्ये संदर्भ या मथळ्याखाली एकच ओळ, गुगल डॉट कॉम. बाकीच्यांत विकिपीडिया, आणि दोघांनी तर प्रामाणिकपणे 'मित्राचा प्रोजेक्ट' असं लिहिलेलं. एक प्रोजेक्ट केळीवर होता, पोरगा रावेर तालुक्यातला, घरची केळीची बाग, आणि पहिल्याच पानावर लिहितो काय तर 'केळी हे आपल्या कोकण विभागातील महत्त्वाचे पीक आहे'. बोलावून विचारलं तर म्हणे सर, झेरॉक्सवाल्याकडे तयार होता, स्पायरल बाइंडिंग करून दिला. मग मी म्हटलं बरं ते सोड, बागेत करपा आला तर काय करता रे भो? तर पोरगा अर्धा तास बोलला, कुठली पानं आधी कापायची, टिश्यूकल्चरची रोपं कधी लावली तर सीएमव्ही हा विषाणूरोग जास्त येतो, थंडीत घड कसा अडकतो, सगळं. यातलं एक अक्षर प्रोजेक्टमध्ये नव्हतं. माहिती आहे, पोरगा हुशार आहे, पण स्वतःला माहीत असलेलं आणि दुसरीकडे वाचलेलं एकत्र करून एक पान लिहायचं कसं, हे त्याला बालवाडीपासून कोणी दाखवलेलंच नाही.

आता हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत रिबेका मूर हॉवर्ड आणि सँड्रा जेमिसन यांनी सायटेशन प्रोजेक्ट नावाचं काम केलं, १६ कॉलेजांमधले १७४ विद्यार्थ्यांचे पेपर घेतले आणि त्यातले १९११ संदर्भ एकेक करून मूळ स्रोताशी लावून बघितले. त्यात ४६ टक्के संदर्भ मूळ स्रोताच्या पहिल्याच पानावरून उचललेले निघाले. म्हणजे तिकडची पोरंही पुस्तक उघडतात, पहिलं पान बघतात, एक वाक्य उचलतात आणि मिटतात. दोनचार शब्द इकडचे तिकडे करून वाक्य आपलं म्हणून देणं याला हॉवर्डबाईंनी पॅचरायटिंग हा शब्द आणला, आपल्याकडे त्याला गोधडी शिवणं म्हणता येईल, फक्त आपल्या आजीची गोधडी निदान उबदार तरी असते. त्यांचं म्हणणं असं की ही दरवेळी चोरी नसते, बऱ्याचदा पोराला मूळ मजकूर कळलेलाच नसतो म्हणून तो त्याला चिकटून चालतो.

हे सगळं इथे सांगायचं कारण म्हणजे या दोघी लायब्ररीयन नाहीत, लेखन शिकवणाऱ्या आहेत, आणि त्यांचं काम लायब्ररीवाले डोक्यावर घेतात. हा विषयच दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत आहे, अलीकडे लायब्ररी आणि पलीकडे भाषा विभाग. त्यामुळे परिषद निवडताना माझी पहिली कसोटी फी नाही, प्रमोशनचे मार्क नाहीत, तर समोर खुर्चीत कोण बसलेलं असणार ती आहे.

जवळचं एक दिवसाचं चर्चासत्र

याला सगळे नावं ठेवतात, मीही ठेवतो. ब्रोशरवर वेळ साडेनऊ, दीपप्रज्वलन साडेअकराला, मग शाल, बुके, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, बीजभाषण लांबतं आणि साडेतीनशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला पेपर वाचायला मिळतात पाच मिनिटं. मागे एका ठिकाणी माझ्या चौथ्या स्लाइडला शिपाई दारातून डोकावून म्हणाला, 'सर, जेवन थंडं हुई ऱ्हायनं', आणि खरं सांगतो, अध्यक्षांनी मला थांबवायच्या आधी मीच थांबलो कारण बाहेरून भरताचा वास येत होता. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आली की असे सेमिनार पावसाळी छत्र्यांसारखे उगवतात, विषयही असा ठेवतात की कोणीही आत शिरावं, 'एकविसाव्या शतकातील आव्हाने' वगैरे.

पण गंमत बघा, याच ढिसाळपणाचा आपल्या विषयाला फायदा होतो. बहुविद्याशाखीय म्हणून नोंदणी घेतात तेव्हा एकाच वर्गात मराठीचे सर, भूगोलाच्या मॅडम, कॉमर्सवाले, लायब्ररीयन असे सगळे कोंबलेले असतात आणि हे सगळेच तेच प्रोजेक्ट तपासून वैतागलेले असतात. मी गुगल डॉट कॉमवाली यादी दाखवली तेव्हा अख्खा वर्ग हसला, आणि जेवणाच्या रांगेत ताट हातात घेऊन तिघंजण आले की सर आमच्याकडेही हेच आहे, काय करता तुम्ही. त्यातल्या भूगोलाच्या एका सरांबरोबर पुढे आम्ही खरंच एक प्रयोग केला, प्रोजेक्टचा विषय देतानाच मुलांना लायब्ररीत एक तास पाठवायचं आणि दोन स्रोतांची नावं पहिल्या आठवड्यातच लिहून घ्यायची, म्हणजे शेवटच्या रात्री झेरॉक्सवाल्याकडे धाव घेता येत नाही. एवढं काम मला दुसऱ्या कुठल्याही परिषदेतून मिळालेलं नाही. खर्च म्हणाल तर एसटीचं तिकीट आणि हजाराच्या आतबाहेर नोंदणी, त्यात जेवण, फाईल आणि सर्टिफिकेट.

एकच सावधगिरी, ब्रोशरवर अजूनही 'निवडक पेपर यूजीसी केअर जर्नलमध्ये छापू, वेगळे पैसे' असं असेल तर दोनदा विचार करा. केअर म्हणजे यूजीसीची, विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची यादी, ती यादीच यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता जर्नल चांगलं की वाईट हे कॉलेजने आणि तुम्ही निकषांवरून ठरवायचं. त्या नावावर कोणी दोनतीन हजार मागत असेल तर ते कशाचे ते विचारा.

देशातल्या मोठ्या परिषदा

इथे लायब्ररीवाल्यांचे पर्याय बरेच. विद्यापीठांच्या लायब्ऱ्या जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटची कॅलिबर १९९४ पासून भरते, दिल्लीच्या डेलनेट या लायब्ररी नेटवर्कची नॅक्लिन आहे, १९३३ पासूनची इंडियन लायब्ररी असोसिएशन आहे, कोलकात्याची आयएसलिक १९५५ पासूनची. या दरवेळी वेगळ्या गावी असतात पण आपल्याला भुसावळ जंक्शन जवळ, कुठल्याही दिशेची गाडी मिळते, ही खान्देशची जमेची बाजू कोणी धरतच नाही.

कॅलिबरला जायचं मोठं कारण म्हणजे शोधगंगा हा पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन साठा आणि शोधशुद्धी ही उचलेगिरी तपासायची सोय चालवणारी माणसं तिथे प्रत्यक्ष भेटतात. २०१८ चे यूजीसीचे प्लॅजिअरिझमचे, म्हणजे उचलेगिरीचे, नियम आपण सगळे तोंडपाठ म्हणतो, प्रबंधातला मजकूर दुसरीकडे जुळला तर १० टक्क्यांपर्यंत माफ, १० ते ४० ला सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ४० ते ६० ला एक वर्ष थांबा, ६० च्या वर नोंदणी रद्द, पण टक्का मोजणारं सॉफ्टवेअर गोधडी आणि चोरी यात फरक करतं का, अवतरणचिन्हातला मजकूर कसा धरतं, हे प्रश्न चहाच्या टेबलावर विचारायला तिथेच मजा येते. इथली चर्चा आपल्या सेमिनारपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची असते, वेळ पाळतात, पेपर आधी तपासून घेतात.

पण मॅडमसाठी अडचण आहे. या परिषदांत विषय म्हणजे ऑटोमेशन, आरएफआयडी, रिपॉझिटरी आणि आता सगळीकडे एआय. माहिती साक्षरता, म्हणजे माहिती शोधायची, पारखायची आणि वापरायची कशी हा विषय, असते, पण ती बहुतेक 'आम्ही अमुक विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली, इतक्यांना डेटाबेस माहीत आहे' अशा पेपरांमध्ये. मुलाने लिहिलेलं पान स्क्रीनवर दाखवून त्यावर बोलणारा माणूस मी फार कमी बघितला. शिवाय अजूनही निम्मे लोक एसीआरएल या अमेरिकेतल्या कॉलेज लायब्ररीयनच्या संघटनेच्या २००० सालच्या मानकांवर स्लाइड बनवतात, ती पाच मानकं आणि बावीस निर्देशक, जी त्यांनी स्वतःच २०१६ मध्ये काढून टाकली आणि त्याजागी सहा संकल्पनांची चौकट आणली. त्या चौकटीतली एक संकल्पना अशी की विद्वत्ता म्हणजे चालू असलेली चर्चा, तुम्ही मध्येच येऊन बसता, आधी काय बोलणं झालं ते ऐकता आणि मग तोंड उघडता. पारावरच्या गप्पांसारखंच आहे हे, आपल्या पोरांना असं सांगितलं तर लगेच कळतं.

उलट्या बाजूला इंग्लिशच्या आणि मराठीच्या साहित्य परिषदा. तिथे मॅडमना घरच्यासारखं वाटेल, पण टी.वाय.च्या पोराची संदर्भसूची हा विषय काढला की समोरचे 'हे लायब्ररीचं काम' म्हणून घड्याळ बघतात. मी एकदा एका मराठीच्या सरांबरोबर असा पेपर नेला होता, कुठल्या सत्रात टाकायचा हे आयोजकांना शेवटपर्यंत कळलं नाही, शेवटी 'संकीर्ण' मध्ये, दुपारी साडेचारला.

परदेश

इथे मात्र दोन्ही खोल्यांतली माणसं एकत्र बसतात आणि म्हणूनच मोह होतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सव्हाना नावाच्या गावी जॉर्जिया सदर्न युनिव्हर्सिटीची माहिती साक्षरतेची परिषद भरायची, तिथे लायब्ररीयन आणि लेखन शिकवणारे प्राध्यापक जोडीने यायचे, एकच वर्ग दोघांनी मिळून कसा शिकवला हे सांगायचे. मॅडमच्या पेपरला यापेक्षा जवळची जागा नव्हती. याच विषयाची इंग्लंडची परिषद लायलॅक २००५ पासून, बहुतेक ईस्टरच्या आसपास, दरवर्षी वेगळ्या शहरात. युरोपची ईसीआयएल २०१३ ला इस्तंबूलला सुरू झाली, पेपर स्प्रिंगरच्या मालिकेत छापले जातात, त्यामुळे ती जास्त संशोधनाकडे झुकलेली. लोएक्स १९७३ पासून आहे आणि ती अगदी कामाची, वर्गात काय केलं, काय फसलं, असं सांगणारी, पण ती अमेरिकेतल्या लायब्ररीयनची. निव्वळ लेखन शिकवणाऱ्यांची सर्वांत जुनी म्हणजे १९४९ ची कॉलेज कंपोझिशनवाल्यांची परिषद, ती प्रचंड मोठी, तिथे आपण हरवू. इफ्ला या जागतिक लायब्ररी संघटनेची परिषदही मोठीच, १९९२ ला दिल्लीत झाली होती, तेव्हा आमचे जुने लायब्ररीयन जाऊन आले ते निवृत्त होईपर्यंत त्याच गोष्टी सांगत होते.

आता खर्च. फी पौंडात नाहीतर डॉलरमध्ये, व्हिसासाठी मुंबईच्या फेऱ्या, विमान, राहणं, आणि अनुदानित कॉलेजात यातलं परत किती मिळेल हे प्राचार्यांच्या मूडवर. पगारातून करायचं तर घरच्यांना विचारून करा, मी विचारलं होतं, उत्तर सांगत नाही. कोरोनानंतर काही ठिकाणी ऑनलाइन सादर करता येतं पण ते दरवर्षी बदलतं, त्या त्या वर्षीची घोषणा वाचा. आणि वेळेचं बघा, सव्हाना हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, नेमका लाइट जायचा टाइम. इंग्लंडचं बरं, दुपारी जेवून बसलात की त्यांची सकाळ सुरू.

बघायला मात्र पैसे लागत नाहीत, लायलॅकची बरीच प्रेझेंटेशन्स नंतर फुकट मिळतात. मी तर म्हणतो पेपर लिहायच्या आधी त्यातली दहाबारा बघाच, आपला पेपर पाच पानांनी कमी होतो.

बँकॉकचं विचारू नका. 'डिअर एमिनंट प्रोफेसर' ने सुरू होणारा मेल, इंजिनिअरिंगपासून आयुर्वेदापर्यंत सगळे विषय एकाच परिषदेत, दोन दिवसांत पेपर स्वीकारला म्हणून पत्र. मी अशाच एकाला भारतातच फसलो होतो, नाव नको, हॉटेलचा हॉल, व्यासपीठावर एक परदेशी पाहुणा आणि खाली आम्ही सतराजण, सगळे पेपर वाचायलाच आलेले, ऐकायला कोणीच नाही.

मार्कांचा हिशोब, कारण तो सगळेच मनात करतात

कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची, फाईल जवळ आली असेल तर २०१८ च्या यूजीसी नियमांत सरळ आकडे आहेत. परिषदेत पेपर वाचला तर परदेशात ७, देशातल्या आंतरराष्ट्रीयला ५, राष्ट्रीयला ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीला २. आणि पिअर रिव्ह्यूड, म्हणजे तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेणाऱ्या, जर्नलमध्ये पेपर छापला तर भाषा, सामाजिकशास्त्रं आणि लायब्ररीवाल्यांना १०. म्हणजे लाखभर खर्चून परदेशात जाऊन ७ आणि घरी बसून नीट लिहून १०. वर परिषदा आणि व्याख्यानांच्या गुणांना एकूण रिसर्च स्कोअरच्या ३० टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे सर्टिफिकेटांनी फाईल फुगते पण गुण एका जागी अडकतात. आमच्याकडे एकांच्या फाईलमध्ये सत्तर सर्टिफिकेटं होती, लॅमिनेट केलेली, बिचारे.

अजून एक, ज्याकडे कोणी बघत नाही. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के मिळतात. म्हणजे मॅडम आणि त्यांच्या कॉलेजचे लायब्ररीयन यांनी मिळून एक पेपर केला तर १० चे दोघांना ७-७. एकाचं नुकसान तीन गुणांचं, पण दोन खोल्यांतली भिंत फुटते आणि पेपरही बरा होतो, कारण मुलांनी कुठून घेतलं हे लायब्ररीयन शोधून देऊ शकतो आणि घेतलेलं कसं बिघडवलं हे मॅडमना दिसतं.

जर्नलमध्येही फुकट आणि चांगले पर्याय आहेत. कम्युनिकेशन्स इन इन्फर्मेशन लिटरसी हे अमेरिकेचं आणि जर्नल ऑफ इन्फर्मेशन लिटरसी हे इंग्लंडचं, दोन्ही २००७ ला सुरू झाली, दोन्ही वाचायला खुली आणि लेखकाकडून पैसे घेत नाहीत. आपल्याकडे डेसिडॉकचं जर्नल आणि अॅनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज. वेळ लागतो, परीक्षक उलटतपासणी घेतात, पहिल्यांदा नकार येईल असं धरूनच चालायचं.

मग मी काय सांगितलं

मॅडमना म्हटलं, तुमची प्रमोशनची फाईल दोन वर्षं लांब आहे, घाई नाही. तर आत्ता जवळच्या चर्चासत्राला जा, पण पेपर वाचायला नाही, मुलांची पाच पानं मोठी करून न्या, नावं झाकून, आणि पाच मिनिटांत फक्त तीच दाखवा. थिअरीची एकही स्लाइड नको. जेवणाच्या रांगेत जे भेटतील त्यांचे नंबर घ्या. तिथून आल्यावर आपल्या कॉलेजच्या लायब्ररीयनला सोबत घेऊन सायटेशन प्रोजेक्टसारखं काम छोट्या प्रमाणात करा, पंचवीस प्रोजेक्ट पुरे, प्रत्येक संदर्भ मूळ ठिकाणी जाऊन बघायचा, कुठल्या पानावरचा, उतारा की गोधडी की स्वतःच्या शब्दांत. मराठीत लिहिलेल्या प्रोजेक्टवर असं काम मी तरी कुठल्या परिषदेत ऐकलेलं नाही, त्यामुळे पाच पानं जरी नीट झाली तरी तिकडच्या जर्नलला त्यात रस वाटू शकतो. मग कॅलिबर, तेही आकडे हातात आल्यावर, कारण तिथे आकड्याशिवाय कोणी थांबून ऐकत नाही. मुलांपैकी दोघं तयार झाली तर त्यांना आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला पोस्टर करायला लावा, त्यांना जास्त उपयोग आहे.

लायब्ररीयन असाल आणि हेच विचारत असाल तर क्रम थोडा उलटा करा, आधी कॅलिबर किंवा नॅक्लिन, तिथली भाषा तुम्हाला येते. आणि पीएच.डी. चालू असेल, गाईड परवानगी देत असेल, कुठून ट्रॅव्हल ग्रँट मिळत असेल तर ईसीआयएलला ॲब्स्ट्रॅक्ट टाकून बघाच, नकार आला तरी परीक्षकांचे शेरे मिळतात आणि त्या शेऱ्यांना फी लागत नाही.

केळीवाल्या पोराचं सांगायचं राहिलं. त्याला मी परत एक पान लिहायला लावलं, फक्त करप्यावर, कृषी विभागाची एक पुस्तिका आणि घरचा अनुभव एवढ्यावर. चार परिच्छेद लिहून आणले, शुद्धलेखनाची बोंब, पण कोकण गायब. शेवटी संदर्भात दोन नोंदी, एक पुस्तिका आणि दुसरी 'वडील, बागेत, रविवारी सकाळी'. आता संदर्भ लिहायची एपीए पद्धत म्हणते अशी प्रत्यक्ष बोलणी मजकुरात सांगा, शेवटच्या यादीत घालू नका. मी लाल पेन उघडला, बंद केला, आणि ते पान तसंच ठेवलंय माझ्या ड्रॉवरमध्ये. मॅडमना म्हटलं, पाच पानांत हे एक घ्या.